वरवंटा झालेला कुमार आणि तांब्याच्या बुडाचा ठेचा

एका राज्यात राजा होता सुभानदेव. त्याला दोन राण्या, थोरली हौसावती, धाकटी भामावती. एकुलता एक कुमार रत्नकेतू आणि त्याची नवी नवरी शेवंती. शिवाय सज्जात एक पोपट होता, पिंगळ नावाचा. तो मिरची खाई आणि खरं बोले. कोठारं भरलेली, गोठे भरलेले, राज्यात उणं एकच. ताटं मांडली की ठेच्यावरून भांडण!

थोरली म्हणे, "लसणावाचून ठेचा म्हणजे देवावाचून देव्हारा."

धाकटी म्हणे, "आक्कासाहेब, दाण्याचा कूट नाही तो ठेचा नव्हे, शिक्षा आहे."

राजा म्हणे, "दोघी गप्प बसा आणि वर लिंबू पिळा."

मग दोघी मिळून राजावर तुटून पडत, "पुरुषांनी चुलीत डोकं घालू नये!" एकमत होई ते तेवढंच. शेवंती बिचारी नवी. तिला कुणी विचारी ना, ती काही बोले ना. पिंगळ तेवढा वरून म्हणे, "भांडा, भांडा. मिरच्या माझ्याकडे टाका."

एके दिवशी भस्मकेश नावाचा मायावी वाट चालून दमूनभागून दाराशी आला. राजानं त्याला पाटावर बसवलं. पानात भाकरी पडली. तो म्हणाला, "ठेचा आणा." झालं! लसणाचा की दाण्याचा, लिंबू पिळून की बिनलिंबाचा? बोलता बोलता भाकरी गार पडली, लोणी पाघळून पानाबाहेर गेलं, तरी ठेचा काही येईना. पाहुणा उठला. कुमार धावला, त्यानं पाय धरले, "महाराज, भरल्या पानावरून उठू नका."

"पान भरलंच कुठं?" मायावी गरजला. "ज्या घरातून पाहुणा उपाशी जातो, त्या घरी विस्तव राहत नाही!"

त्यानं फुंकर मारली. राज्यातल्या साऱ्या चुली विझल्या. लसूण गेला, दाणे गेले, लिंबं गेली. आणि पाय धरलेला कुमार जागच्या जागी काळाभोर वरवंटा झाला.

"डोंगरावर माझी गुहा आहे. पुनवेपर्यंत माझ्या जिभेला पटेल असा ठेचा कुणी केला, तर शाप सुटेल. नाही तर हा दगड दगडच राहील." एवढं बोलून तो गेला.

राज्य भिजवलेल्या डाळी खाऊ लागलं. राण्या रडत होत्या, पण रडता रडताही, "तुम्ही लसूण लसूण केलंत," "तू दाणे दाणे केलंस." शेवंतीनं डोळे पुसले. वरवंटा पदरात बांधला, पुरचुंडीत पीठ-मीठ घेतलं, वाटेला पाण्याचा तांब्या घेतला.

"सूनबाई, कुठं निघालीस?" राजानं विचारलं.

"तुमच्या तिघांच्या तीन चवी आणायला, मामंजी."

पिंगळ चोचीत मिरच्यांचा घोस घेऊन तिच्या खांद्यावर बसला.

लसूण गेला होता नागाच्या मळ्यात. नाग फणा काढून म्हणाला, "वास येतो का?"

"येतो. म्हणून तर हवा."

"आजवर सगळे नाक धरून आले," नाग खूश होऊन म्हणाला. "ने, बाई."

दाणे गेले होते उंदरांच्या राजाच्या बिळात. तो म्हणाला, "दाणे सगळे नेतात. टरफलं कोण झाडणार?" शेवंतीनं पदर खोचला, बीळ लख्ख झाडलं आणि दाणे घेतले.

लिंबं गेली होती एका झाडावर. ते झाड मात्र द्वाड. ती पुढं जाई, ते मागं पळे. शेवटी ती पाठ फिरवून चालू लागली. झाडाला राहवेना, ही कुठं चालली बघावं म्हणून ते मागोमाग आलं. ती गर्रकन वळली आणि लिंबू तोडलं.

पुनवेच्या दिवशी ती गुहेत पोचली. तिथं चूल पेटलेली, तवा तापलेला, बाजूला पाटा. मायावी म्हणाला, "पोरी, पाटा आहे, वरवंटा तू आणलाच आहेस. वाट."

शेवंतीनं पदराची गाठ घट्ट धरली. "हा माझा नवरा आहे महाराज. ह्याच्यावर मिरची घासायची नाही मी. डोळ्यांत जाईल त्याच्या."

"मग ठेचा कसा करणार?"

तिनं भाकरी थापली, भाजली. मग तव्यावर तेलाचा थेंब टाकून मिरच्या परतल्या, वर मीठ घातलं. तांब्यातलं पाणी ओतून टाकलं आणि त्याच्या बुडानं तव्यावरच मिरच्या रगडू लागली. खर्र, खर्र, टण! खर्र, खर्र, टण! ठसका उठला. मायावीच्या डोळ्यांना धार लागली.

शेवंतीनं लसूण हातात घेतला, तसा तो ओरडला, "थांब! काही घालू नकोस."

त्यानं तव्यावरचाच ठेचा भाकरीवर घेतला. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या आईच्या घरी पाटा नव्हता, पोरी. लसूण नव्हता, दाणे नव्हते. ती अशीच तांब्याच्या बुडानं रगडायची. हा आवाज ऐकला की मी जिथं असेन तिथून पळत यायचो."

"अजून भाकरी वाढू?" शेवंतीनं विचारलं.

"वाढ."

तो पोटभर जेवला, ढेकर दिली. पदरातला वरवंटा कोमट झाला, मग ऊन झाला, आणि कुमार रत्नकेतू उठून बसला. म्हणाला, "वास सुटलाय. मला उरलाय का?"

"आधी पाहुण्याला, मग तुला," पिंगळ म्हणाला.

खाली राज्यात चुली आपोआप पेटल्या. लसूण, दाणे, लिंबं शिंक्यांत, कोठ्यांत परत आली. दोघं घरी आली तेव्हा राण्यांनी सुनेवरून भाकरतुकडा ओवाळला आणि थोरलीनं विचारलं, "कुणाचा ठेचा पटला गं त्याला?"

"त्याच्या आईचा, सासूबाई."

थोरलीनं लसणाची वाटी बाजूला सारली, धाकटीनं कुटाची.

राजानं दवंडी पिटवली. पाहुण्याच्या पानात आधी मिरची-मिठाचा ठेचा पडेल. लसूण, कूट, लिंबू वाट्यांत शेजारी राहतील, ज्याला हवं त्यानं घ्यावं. भांडण ज्याला करायचं त्यानं पाहुण्यानं हात धुतल्यावर करावं.

वर्ष फिरलं, शेवंतीला लेक झाली. बारशाला भस्मकेश मामा होऊन आला, पाळण्यात आपल्या आईचा तांब्या ठेवून गेला. लेकीच्या नावावरून थोरलीचं एक, धाकटीचं एक, राजाचं तिसरंच. पण ते सगळं मामाचं जेवण झाल्यावर. पाळण्यातली पोर टकामका बघत हसत होती.

तव्यावरची कहाणी ताटात आली, ताटातली पोटात गेली. तुमच्या दारचा पाहुणा तृप्त होवो, तुमची चूल पेटती राहो.