डॉक्टरांचा खोकला

“पण बाई, माझ्या उत्तरात चूक काय आहे?”

डॉ. गुंजाळ विचारत होते. वय एकोणतीस, सुवर्णपदकवाले, मान ताठ. रेडिओवरची नेर्लेकरबाईंची खुर्ची आता त्यांना मिळायची होती. बाई वीस वर्षं त्या खुर्चीवरून बाईमाणसाच्या, बाप्यामाणसाच्या शरीराची माहिती सांगत आल्या. पहिल्या वर्षी लोकांनी केंद्राच्या दारावर शेण फेकलं. मी तिथला शिपाई. मीच धुतलं.

“चूक काही नाही,” बाई म्हणाल्या. “वाचून दाखवा.”

पत्र एका नव्या नवरीचं होतं. पहिल्या रात्री चादरीवर रक्त दिसलं नाही, म्हणून सासरचे तिला कायमची माहेरी घालवायला निघालेले. रविवारी बैठक. तिनं लिहिलं होतं, शुक्रवारी आमच्या घरात सगळे तुम्हाला ऐकतात. रक्त का येत नाही, तेवढं सांगा. नाव घेऊ नका.

आज शुक्रवार. दहा मिनिटं उरली होती.

डॉक्टरांनी कागद धरला. “खरं म्हणजे... अहं... योनीच्या...”

“पाणी आणू?” मी म्हटलं.

“नको!”

परत वाचलं. परत त्याच शब्दाआधी खोकला. शिकलेल्या माणसाचा घसा नेमका कामाच्या वेळी धरतो.

बाईंनी टेबलावरचा शेतीच्या कार्यक्रमाचा कागद त्यांच्यापुढं सरकवला.

“हा वाचा.”

“मी काय शेतकी अधिकारी आहे?”

“वाचा हो.”

“भातावर तुडतुडे दिसले, तर खाचरातलं पाणी काढून टाका...” अख्खा कागद वाचला. आवाज कसा खणखणीत!

“आता पहिला.”

“खरं म्हणजे... अहं...”

बाईंनी घड्याळाकडं बघितलं.

डॉक्टर चिडले. “उत्तर बरोबर आहे ना? खोकल्यानं शास्त्र बदलतं का?”

“शास्त्र नाही बदलत. तुम्ही खोकलात की तिकडं सासू रेडिओ बंद करते.”

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला.

लाल दिवा लागला. बाईंनी कागद आपल्याकडं ओढला आणि तुडतुड्यांचा वाचावा तसा वाचला.

“योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो सगळ्या जणींचा सारखा नसतो. पहिल्या रात्री कित्येक जणींना रक्त येत नाही. त्यावरून मुलीचं चारित्र्य ठरवणारा माणूस अडाणी समजावा.”

शेवटचं वाक्य डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं.

दिवा विझला. डॉक्टर उभेच. आवाज खाली आलेला.

“बाई... वीस वर्षं... तुम्हाला लाज वाटतच नाही का हो?”

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला.

“वाटते ना,” त्या म्हणाल्या. “पण ती त्या पोरीच्या घरी कशाला पाठवू?”