रेडिओ बंद असताना

एकदा एका लहानशा बंदरावर एक वृद्ध गुरुजी राहत असत. आयुष्यभर तंत्रशाळेत त्यांनी वीजविद्या शिकवली, आणि निवृत्तीनंतरही आपले टेबल काही सोडले नाही. होड्यांवरचे दिवे, चार्जर, रेडिओ, जे बिघडेल ते लोक त्यांच्यापुढे आणून ठेवीत. शिष्य म्हणाल तर एकच उरली होती, नाखव्याची मुलगी कुंदा.

कुंदाला विजेची हौस नव्हती, गरज होती. आदल्या हंगामात तिच्या भावाने हवामानाचे इशारे ऐकण्याचा लहान रेडिओ होडीच्या बॅटरीला थेट जोडला होता. इंजिनाने वेग घेतला की विजेचा दाब वाढतो, हे त्याच्या गावीही नव्हते. रेडिओ जळाला. किनाऱ्यावरून वादळाचा इशारा सुटला, पण तो होडीपर्यंत पोचलाच नाही. नाखवा कशीबशी होडी घेऊन परतला, भाऊ परतला नाही.

आता नारळी पौर्णिमा उद्यावर आली होती. दर्याला नारळ दिला की परवा पहाटे नाखवा पुन्हा समुद्रात जाणार. या खेपेस रेडिओ जळता कामा नये, एवढी एकच गोष्ट कुंदाच्या डोक्यात होती. त्यासाठी तिने दाब स्थिर राखणारे एक सर्किट स्वतः रचले होते. तसे ते साधेच. येणाऱ्या विजेला आवरायला एक रेझिस्टर, चढउतार मऊ करायला एक कपॅसिटर, आणि मिरीच्या दाण्याएवढा काचेचा झेनर डायोड. रेडिओ आपल्याला हवी तेवढी वीज घेतो आणि उरलेली सगळी झेनर स्वतःच्या अंगावर घेतो. त्यापायी तो तापतो, पण रेडिओवरचा दाब वाढू देत नाही.

कुंदाने टेबलावर रेडिओ लावून दाखवला. मागून येणारा दाब वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. रेडिओ आपला बोलतच होता, आणि त्याच्यावरचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलत नव्हता.

"हात सफाईदार आहे हं," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी रेडिओची तार उपसून बाजूला ठेवली, धावत्या इंजिनाचा असतो तेवढा दाब सर्किटावर सोडला, आणि स्वस्थ चहा पिऊ लागले.

"गुरुजी, रेडिओ काढलात तुम्ही."

"काढला."

"मग वीज बंद करा ना!"

गुरुजींनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. थोड्याच वेळात खोलीत जळका वास पसरला. झेनरची काच काळी पडली, आणि मीटरचा काटा शून्यावर जाऊन बसला.

कुंदाचा तोल गेला. "काय केलंत हे? परवा बाबा जाणार आहेत! रेडिओ जोडलेला नसताना अशी वीज कोण सोडतं? माझ्या मेहनतीची माती केलीत तुम्ही!" तिचे डोळे भरून आले.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "होडीवर रेडिओ दिवसभर चालू असतो का गं?"

"नाही. इशाऱ्याच्या वेळेला लावतात. एरवी बंद."

"आणि इंजिन?"

"इंजिन कसं बंद राहील? ते चालूच..."

"ऐक, पोरी," गुरुजी म्हणाले. "तू या झेनरची परीक्षा घेतलीस ती त्याच्या सोबत्यासह. रेडिओ चालू असतो तेव्हा दोघं मिळून भार वाटून घेतात. रेडिओ बंद झाला की आपल्याला वाटतं, बरं झालं, आता याच्यामागे काही काम नाही. पण मागून येणारं थांबतं थोडंच? घेणारा उठून गेला तरी येणारं येतच राहतं, आणि ते सगळं या एकट्याच्या अंगावर पडतं. तो हाक मारत नाही. आणि ज्या घडीला नाखवा रेडिओ लावायला जाईल, त्या घडीला हा केव्हाच गेलेला असेल. मागणारं कुणी उरलं नाही म्हणजे विश्रांती मिळाली, असं नसतं, कुंदा. जळायची वेळ तीच असते."

कुंदाने डोळे पुसले आणि पुन्हा कामाला बसली. गुरुजींनी डब्यातून बोटाच्या पेराएवढा मोठा झेनर काढून दिला. तो तिने ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आवळून बसवला आणि रेझिस्टरचा हिशेब नव्याने केला. मग दुपारभर रेडिओ न जोडता वीज चालू ठेवली. पट्टी तापली, पण काटा हलला नाही.

सर्किट फडक्यात गुंडाळताना गुरुजींनी सहज विचारले, "आई कशी आहे तुझी?"

"आहे बरी. आम्ही तिला कशालाच हात लावू देत नाही. चूल नाही, जाळी नाही. दादा गेल्यापासून कुणी तिच्याकडे काही मागत नाही. नुसती बसून..."

कुंदाची नजर टेबलावरच्या काळ्या पडलेल्या झेनरवर गेली. गुरुजींनी मान वर केली नाही. फडक्याची गाठ मारून त्यांनी ते तिच्या हातात दिले.

आता कुंदाच्या घरात कुणी दुष्ट होते का? छे! "आये, तू बस," असे सगळे मायेनेच म्हणत होते. अशी चूक माया करणाऱ्यांच्याच हातून होते. 

कुंदा घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आई ओटीवर दर्याकडे पाठ करून बसली होती. बापलेक समुद्रावर निघाले की दोघांच्या दोन शिदोऱ्या वर्षानुवर्षे तीच बांधत असे. यंदा ते काम कुंदाने आपल्याकडे घेतले होते. तिने तांदूळ, सुकट आणि फडक्यांची घडी आणून आईपुढे ठेवली.

"आये, बाबांची शिदोरी तू बांध. मला नाही जमत."

आईने तिच्याकडे पाहिले. मग हात पुढे केला आणि सवयीने घडीतली दोन फडकी उचलली. एक मांडीवर पसरले. दुसरे तिच्या हातातच राहिले, आणि वर्षभर कोरडी असलेली ती बाई ते फडके तोंडाशी धरून ओक्साबोक्शी रडू लागली. कुंदाने तिला उगी केले नाही. शेजारी बसून राहिली.

बऱ्याच वेळाने आईने त्याच फडक्याने डोळे पुसले, ते घडी करून बाजूला ठेवले आणि सुकट निवडायला घेतली.

"मीठ कुठाय?" ती म्हणाली. "ऊठ, आण. मिठाशिवाय पाठवतेस का बापाला?"