राईचा कौल

विश्वाच्या चराचरात भरून उरलेल्या आदिमायेला साष्टांग दंडवत. तिच्या कृपेने वाणी शुद्ध राहो.

पाहुणेहो, देवळाच्या मागे ही जी राई दिसते, तिच्या छातीवर वरून खालपर्यंत एक तांबडा पट्टा उघडा पडलेला आहे. दोन्ही अंगांना दिवसा काळोख होईल इतकी झाडी, आणि मध्ये नुसता कातळ. वीज पडली असेल, असे येणारे म्हणतात. वीज नव्हे. ते आमचे कर्म आहे. वाडवडील सांगत आले तसे सांगतो.

फार पूर्वी आमच्या कुडवणे गावात मानाजी नावाचे गुरव काळकाई देवीची पूजा करीत. माणूस सात्त्विक, मुखी अखंड नाम. त्यांना येसू ही एकच लेक. ती राईच्या पायथ्याच्या वाडीत दिली होती. त्या काळी भाताचे रोप करायचे तर आधी राब भाजावा लागे. झाडांच्या फांद्या तोडून वाफ्यावर पसरायच्या आणि जाळायच्या. पिढ्यान्‌पिढ्या तोडता तोडता गावचे रान बोडके झाले. त्यात लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. हिरवी उरली ती एकटी देवीची राई, आणि तिला कोयता लावायचा नाही, ही आण.

गावचे प्रमुख, गावकार धाकोजी, देवळात येऊन म्हणाले, "मानाजी, बुंध्याला कोण हात लावतोय? नुसते डहाळे घेऊ. आईच्या केसाला कात्री लावली, तर आई मरते का?"

"आईला विचारल्याशिवाय कात्री लावतात का?" मानाजी म्हणाले.

"मग विचार की! पण लवकर. पोरं कंदमुळांवर आली आहेत. तुझा नैवेद्य तरी कशाचा शिजणार?"

कौल लावला. देवीच्या उजव्या-डाव्या खांद्याला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. पहिल्या दिवशी डावी गळली. दुसऱ्या दिवशीही डावीच. देवळाबाहेर बायका रडू लागल्या, म्हणे. त्यांत येसूही होती, कडेवर उपाशी लेकरू घेऊन.

आता जे सांगायचे, ते सांगताना आजही जीभ अडखळते. तिसऱ्या दिवशी मानाजींनी उजवी पाकळी पाण्याने लावली आणि डावी भाताच्या पेजेने. ज्या हाताने जन्मभर देवीला गंध लावले, त्याच हाताने! उजवी गळली. गावाने जयजयकार केला. येसू मात्र गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी घुटमळली.

"बा, डावी वाळून कडकडीत झाली, तरी पडत कशी नाही?"

"घरी जा, पोरी. भात लावायची तयारी कर."

ती गेली. पुढे पाकळीचे नाव तिने कधी काढले नाही.

एकदा मिळालेला कौल संपतो कधी? एका वर्षाचे म्हणून घेतलेले डहाळे तीन वर्षे घेतले. मधली झाडे खांबांसारखी उभ्या उभ्या वाळली. भात मात्र पिकला. लोक म्हणत, आई प्रसन्न आहे. चौथ्या वर्षी श्रावणात नऊ दिवस पावसाने उसंत घेतली नाही. दहाव्या दिवशी, भर दुपारी, मानाजी आरती करीत असता मागे डोंगर हुंकारला. ते बाहेर धावले. मधली राई उभीच्या उभी चालत खाली निघाली होती! झाडे ताठ, जणू दिंडीच निघाली आहे. डोळ्यांचे पाते लवले आणि पायथ्याची सात घरे नाहीशी झाली. येसूचे घर त्यांत पहिले.

तीन दिवस उकरले. हाती काहीच लागले नाही, असे सांगतात.

चौथ्या दिवशी मानाजींनी गाव जमवला आणि उजवा हात वर धरून म्हणाले, "डावी पाकळी मी पेजेने चिकटवली होती. आई नाही म्हणाली होती. मला दगड मारा."

कोणी दगड उचलला नाही. धाकोजी पुढे आले आणि बोलले.

"तुझ्या बोटावरची पेज मी पाहिली होती, मानाजी. पुढे बसलेल्या सगळ्यांनीच पाहिली होती. आम्हांला होकार हवा होता."

त्या दिवशी साऱ्या गावाने आपापले कोयते देवीसमोर ठेवले. पुढची बारा वर्षे गळलेला पाचोळा आणि शेण यांवरच राब भाजला. भात कमी झाला, नाचणीवर दिवस काढले. हळूहळू दोन्ही अंगांची राई सावरली. मध्ये झाड कधी रुजले नाही.

आजही आमच्या गावात लग्नाचा कौल लागतो, पेरणीचा लागतो, परगावी निघालेल्या लेकराचा लागतो. पण राईचा कौल कोणी मागत नाही. दुष्काळ पडला, घर जळाले, घराला वासा हवा असला, तरी नाही. आईने एकदा 'नाही' म्हटले आहे, आणि ते आम्ही ऐकले आहे.

श्रोतेहो, तुमच्या चुली पेटत्या राहोत, विहिरी भरलेल्या राहोत. आईचा नकारही गोड मानण्याची बुद्धी घराघरात नांदो, आणि तुमच्या लेकीबाळी सुखरूप राहोत.