मानाची डबी

घड्याळं एकमेकांची वयं विचारत असत, तेव्हाची ही गोष्ट.

आत्माराम घड्याळजींच्या दुकानात, खिडकीशी मांडलेल्या जुन्या घड्याळांत एक नवं मनगटी घड्याळ आलं. ते उन्हावर चालायचं. किंमत बेताची, पण रूप साठ वर्षांपूर्वीचं: सायीच्या रंगाची तबकडी, तिच्यात आणखी तीन छोट्या तबकड्या, आणि सेकंदाचेही तुकडे मोजायला बाजूला दोन बटणं.

"आजोबा, आपलं वय काय?" चावीच्या घड्याळाने अदबीने विचारलं.

नव्या घड्याळाला कारखान्यातून निघून तीनच महिने झाले होते. पण इतक्या मानाने त्याला कुणी हाक मारली नव्हती.

"साठ," ते म्हणालं. "थोडं जास्तच असेल."

सगळी घड्याळं सावरून बसली. उन्हाने तबकडी फिकी पडते, म्हणून सर्वांत थोरल्याला मखमलीच्या डबीत ठेवून झाकण लावायची त्यांची रीत होती.

"मला खिडकीतच बरं वाटतं," नवं घड्याळ म्हणालं.

"या वयात ऊन सोसत नाही, आजोबा," गजराचं घड्याळ म्हणालं. "तुम्ही काय आता तरुण आहात?"

खरं सांगायला तेवढा एकच क्षण होता. क्षण मोजण्यात ते घड्याळ पटाईत होतं. त्याने तो मोजला आणि ते गप्प राहिलं.

झाकण लागलं. चार महिन्यांनी आतली टिकटिक थांबली.

"वय झालं होतं," गजराचं घड्याळ म्हणालं.

मान राखायचा म्हणून कुणी झाकण उघडलं नाही.