पान सदतीसवरची विहीर

"भन्तेजी, शंभरावी जागा कुठली घेऊ?"

निनाद गोठणकरनं हस्तलिखिताचा गठ्ठा विहाराच्या ओसरीवर ठेवला. पुस्तकासाठी मुंबईतल्या शंभर अपरिचित जागा शोधण्यात त्याची सहा वर्षं गेली होती. विसरलेल्या विहिरी, आडबाजूची लेणी, कुणी न वाचलेले शिलालेख... नव्याण्णव झाल्या होत्या, आणि भेटेल त्याला तो आकडा ऐकवल्याशिवाय हा माणूस राहत नसे.

भन्ते सुमेध ओसरी झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला नाही.

"नव्याण्णव बघितल्यास?"

"एकूण एक. स्वतः."

"मग शंभरावीची एवढी घाई कशाला?"

भन्तेंपुढे थापा चालत नसत.

"आता काही वाटतच नाही, भन्तेजी," तो हळूच म्हणाला. "पूर्वी एखादा जुना दगड दिसला तरी आठवडाभर हवेत असायचो. आता फोटो काढतो नि निघतो. शंभरावी तरी अशी मिळावी, की पुन्हा तसं वाटेल. नाही मिळाली तर... हे शहर माझ्यापुरतं संपलं."

भन्तेंनी झाडू कोपऱ्यात ठेवला. गठ्ठ्यातलं मधलंच एक पान ओढून काढलं. पान सदतीस.

"चल, इथं जाऊ."

"अहो, ही झालीय माझी!"

भन्ते चपला घालून फाटकापाशी पोचलेसुद्धा होते.

माझगावात, वखारींच्या मागं एक जुनं गावठाण. तिथं उंच भिंतीच्या आत ती विहीर. लोखंडी दाराला मुठीएवढं गंजकं कुलूप.

"आत कसा गेलास?"

"भिंतीवरून," निनाद जरा ऐटीतच म्हणाला. "कुलूप जाम आहे. वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नाही. पुस्तकातही तसंच लिहिलंय."

"हात लावून बघितलास?"

निनाद कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागला.

"चावी कुणाकडे असते?"

"ते आता कोण सांगणार?"

भन्ते पायरीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. आता हे संध्याकाळपर्यंत उठत नाहीत, हे निनाद ओळखून होता. झक मारत त्यानं शेजारचं दार वाजवलं.

फुलाफुलांचा झगा घातलेली एक म्हातारी बाहेर आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच का रे तो, भितीवरशी उडी मारलेला? माजी क्रोटनची कुंडी फोरली तू."

निनादचा चेहरा खर्रकन उतरला.

"चुकलो, आंटी... विहीर बघायची होती. चावी मिळेल का?"

म्हातारी बघतच राहिली. मग आत गेली आणि खिळ्यावरची चावी घेऊन आली.

"सासूनं मरताना दिलती. बोलली, फिलोमिना, जो मागंल त्याला उघडून दे. एकोनीस वरसं झाली... कोन मांगालाच आयला नाय."

चावी फिरताच कुलूप खट्कन उघडलं. निनाद चकित होऊन बघत राहिला.

"दर आयतवारी तेल सोडतंय मी, चर्चातल्या मिसाशी आली का," म्हातारी म्हणाली.

आत विहिरीच्या काठावर छोटा क्रूस होता आणि त्यावर झेंडूची ताजी माळ. उडी मारली त्या दिवशीही ती असणारच; त्यालाच ती दिसली नव्हती. म्हातारीनं पाणी शेंदलं आणि पहिली ओंजळ पाहुण्याला दिली. पाणी थंडगार होतं. निनादला एकदम भरून आलं. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत राहिला.

"दार लावून चावी घरी आन. मी चाय ठेवतंय," असं म्हणून म्हातारी गेली.

निनाद बाहेर आला. त्यानं कुलूप लावलं. तो हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

"भन्तेजी, पुस्तक मोडलं माझं! नव्याण्णव कुठल्या? ही एकच झाली, तीही आज. बाकीच्यांच्या चाव्या कुणाकडे असतील? सुरुवात कुठून करू?"

भन्तेंनी डोळे उघडले. त्याच्या मुठीतल्या चावीकडे बघितलं.

"आधी ही देऊन ये," ते म्हणाले. "आणि चहा घेतल्याशिवाय येऊ नकोस."