सीमेचा खुंट

राजा वीर्बाला आपल्या मुलखातल्या भाषांचा नकाशा हवा होता. मुलूख पश्चिम आफ्रिकेतला, डोंगराळ. टेकड्या सात आणि दर टेकडीची बोली निराळी. राजाने हुकूम सोडला की जिथे एक भाषा संपून दुसरी सुरू होते, तिथे खुंट ठोकायचा. खुंटापलीकडच्या माणसाने परवान्याशिवाय अलीकडे यायचं नाही, आणि इकडच्याने तिकडे जायचं नाही.

नकाशा काढणारा टांग्वा तीन महिने फिरला आणि खुंट तसाच खांद्यावर घेऊन परत आला. त्याने सांगितलं, पहिल्या टेकडीवाल्यांना दुसरीचं बोलणं समजतं, दुसरीवाल्यांना तिसरीचं, असं थेट सातवीपर्यंत. पहिलीच्या माणसाला सातवीचं मात्र अक्षर कळत नाही. मधे नेमकं कुठे तुटतं, ते काही सापडत नाही.

राजा म्हणाला, आठ दिवसांत सापडलं नाही, तर तूच मुलखाबाहेर चालता हो.

येन्सी कुंभारणीने हे बाजारात ऐकलं. तिची लेक पाचव्या टेकडीवर नांदत होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. खुंट बसला की बाळंतपणाला जायलाही परवाना काढावा लागणार होता. तिने टांग्वाकडून खुंट मागून घेतला आणि सरळ राजवाडा गाठला.

"महाराज, सीमा सापडली," ती म्हणाली. "त्याआधी दोन-चार शब्द विचारते."

पाण्याला, पावसाला, रताळ्याला आणि मडक्याला काय म्हणतात, हे तिने राजाला विचारलं. मग शेजारी बसलेल्या राजमातेला तेच विचारलं. राजमातेचं माहेर सहाव्या टेकडीवरचं. चाळीस वर्षं झाली तरी तिने माहेरची बोली सोडली नव्हती. चारही शब्द वेगळे निघाले.

येन्सीने मान डोलावली, दोघांच्या आसनांमधली जागा हाताने चाचपली आणि तिथल्या मातीत खुंट ठोकायला घेतला.

"हे काय चाललंय?" राजाने विचारलं.

"चारपैकी चार शब्द वेगळे आहेत, महाराज. इतकी उघड सीमा टांग्वाला कुठेच दिसली नव्हती. उद्यापासून आईसाहेबांना परवाना लागेल."

राजमातेने खुंटाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "मग तुझं जेवणही आजपासून तूच रांध."

येन्सीने राजाला विचारलं, "आईसाहेब काय म्हणाल्या, कळलं का?"

"सगळं कळलं," राजा पडेल आवाजात म्हणाला.

"मग सीमा इथे नाही," येन्सी म्हणाली आणि तिने खुंट उपटला. "टांग्वाचंही दर टेकडीवर हेच झालं."

राजा आधी आईकडे बघून हसला, मग येन्सीकडे बघून, आणि मग त्याला हसू आवरेना. त्याने टांग्वाला रेघा न मारता, एकात एक मिसळणाऱ्या रंगांचा नकाशा काढायला सांगितलं. येन्सीला त्याने आपलं घोडं दिलं. त्यावर बसून ती त्याच दुपारी लेकीकडे गेली.