चेअरमनसाहेबांचा एक नंबर

"लॅपटॉपला हात न लावता लॅपटॉप चालू करा!"

सूतगिरणीचे चेअरमन धैर्यशीलराव इंगवले यांनी हुकूम सोडला आणि केबिनमध्ये जमलेली माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. चार वाजता परदेशातलं मोठं गिऱ्हाईक पडद्यावर येऊन सूत बघणार होतं, आणि साहेबांच्या लॅपटॉपवर इंटरनेटचा पत्ता नव्हता. तिथंच कशाला, ऑफिसातल्या चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटरवर नव्हता! आठवडाभर हीच रड चालली होती.

"पण साहेब, हात न लावता म्हणजे..." इंजिनिअर शहाणे चाचरले.

"म्हणजे हात न लावता! आजवर माझ्याशिवाय कुणाचं बोट लागलेलं नाही याला. तीन वाजेपर्यंत नेट चालू झालं नाही, तर तुमच्या कॉम्प्युटर विभागाला कुलूप. पाचही जण घरी!"

त्या पाचांतली शेवटची नसीम मुलाणी. रोजंदारीवर स्टॉकचे आकडे भरायची. आयटीआयला कॉम्प्युटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास झालेली, पण विभागात तिला कुणी काही विचारत नसे. विचारायला शहाणे होते ना! आठवडाभरात शहाण्यांनी ऑफिसातल्या सगळ्या वायरी उपटून नव्या घातल्या होत्या, गच्चीवर अँटेना चढवला होता आणि बाहेरचं इंटरनेट आत आणणारा राउटरचा डबा दोनदा बदलला होता. कारण विचारलं की इंग्रजीतले चार जाडजूड शब्द तोंडावर फेकायचे. काल तर त्यांनी नव्या डब्याला हारसुद्धा घातला!

नसीमनं मात्र एक गोष्ट हेरली होती. साहेब अकराला यायचे आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी नेट मरायचं. दुपारी ते लॅपटॉप बगलेत मारून घरी जेवायला जायचे, की नेट टुणकन उठून बसायचं. शहाणे लगेच कॉलर ताठ करायचे, "बघा, माझ्या वायरीनं काम केलं!" साहेब ढेकर देत परत यायचे आणि वायरीचं काम संपायचं.

हा शहाणा माणूस! नसीम मनात म्हणायची. कुत्रं चावतंय आणि हा भिंतीला मलम लावतोय!

पण आज स्वतःच्या पोटावर पाय येत होता. ती पुढे झाली.

"साहेब, मी बघू?"

"तू?" इंगवल्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "इंजिनिअरनं हात टेकले तिथं तू काय दिवे लावणार?"

"हात टेकायचे नाहीतच ना, साहेब! तुम्हीच म्हणालात. मी दारातच उभी राहते. फक्त एक सांगा. तुमच्या लॅपटॉपचा नेटवर्कमधला नंबर किती?"

इंगवल्यांची छाती फुगली. "एक! दुसरा कुठला असणार? बाकीच्यांना तो डबा देईल तो नंबर. माझा भाचा परदेशात असतो, त्याच्याकडून फोनवर विचारून घेतलं आणि मी स्वतःच्या हातानं त्या आकड्यांच्या रांगेत शेवटी एक नंबर घातला. मागच्या सोमवारी!"

शहाण्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"साहेब," नसीम शांतपणे म्हणाली, "एक नंबर आधीच दिलेला आहे."

"कुणाला?" इंगवले कडाडले. "या गिरणीत माझ्याआधी एक नंबर कुणाला?"

"राउटरच्या डब्याला. तो आपल्या नेटवर्कचा फाटकावरचा वॉचमन. कुठल्याही टेबलावरची मेल बाहेर जायची तर आधी एक नंबरकडे येते. आता एक नंबर दोघांचा झाला. चाळीस कॉम्प्युटर येतात तुमच्या दारात आणि म्हणतात, फाटक उघडा. तुमच्याकडे कुठलं फाटक!"

"मग त्या डब्याचा नंबर बदला! मी एकच राहणार!"

"बदलू की. शहाणेसाहेब बसतील त्याला." नसीमनं मान डोलावली. "पण चाळीसही कॉम्प्युटरना एक नंबरकडेच जायची सवय लागलीय. प्रत्येकाला नवी सूचना द्यावी लागेल. थांबा, मजकूर लिहून देते. फक्त सही करा."

तिनं दोन ओळी खरडल्या आणि पुढे येऊन टेबलाच्या कडेवर कागद ठेवला. इंगवल्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "सर्वांना कळवण्यात येते की, यापुढे कोणतेही काम घेऊन चेअरमनसाहेबांकडे जाऊ नये. तिथून पुढे रस्ता नाही..."

हेडक्लार्क मस्के एकदम खोकले. कुणीतरी छताकडे बघू लागलं. शहाण्यांनी डोळे मिटून घेतले.

इंगवल्यांनी कागद पुन्हा मनात वाचला. मिशी थरथरली, खांदे हलले, आणि मग ते असे खदाखदा हसले की चष्मा नाकावरून खाली आला!

"पोरी, मला तोंडावर एवढं ऐकवायला माझे डायरेक्टरही धजत नाहीत! सांग, काय करू?"

"बोट तुमचंच लावा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जा, तुम्ही घातलेला नंबर खोडा आणि 'आपोआप' वर टिचकी मारा."

टिचकी वाजली. मिनिटभरात बाहेरच्या हॉलमधून ओरडा उठला, "आलं! नेट आलं!" चार वाजता परदेशी गिऱ्हाईक पडद्यावर आलं, सूत बघून खूश झालं आणि नमुने मागवून गेलं.

इंगवल्यांनी नसीमला पुन्हा बोलावलं.

"बोल, काय पाहिजे?"

"कायम नोकरी, साहेब. कॉम्प्युटर विभागात."

"दिली! नेटवर्क तूच सांभाळायचं. आणि शहाण्यांनी महिनाभर तुझ्या हाताखाली शिकायचं! जा पोरी, संध्याकाळपर्यंत ऑर्डर ई-मेलनं येईल."

नसीम जागची हलली नाही.

"आता काय?"

"कागदावरच द्या, साहेब. आत्ताच. शहाणेसाहेब अजून वायरींपाशी फिरताहेत!"

इंगवले पुन्हा खो खो हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.